घटक ६ : समुद्रतळावरील भूकंपमापक – पार्श्वकंपने आणि जागेचा प्रतिसाद

६.० उद्दिष्टे

समुद्रतळावर ठेवलेला भूकंपमापक काय मोजतो, त्याच्या नोंदीत भूकंपाखेरीज सतत दिसणारे सूक्ष्म थरथरणे कोठून येते आणि एकच भूकंप दोन जागी वेगवेगळा का जाणवतो, हे या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. त्याचबरोबर, परभाषेत घडलेली शास्त्रीय संकल्पना मराठीत आणताना शब्दाची निवड कशी करावी, याचाही विचार करता आला पाहिजे. पहिले उद्दिष्ट साधल्याशिवाय दुसरे साधत नाही, असे माझे आग्रहाचे मत आहे. म्हणून या घटकात भाषेपेक्षा विषयाला अधिक जागा दिली आहे.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या पदवी-अभ्यासक्रमात समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या यंत्राचे काय काम, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. मागील घटकांत आपण शास्त्रीय गद्याची लक्षणे पाहिली. परंतु लक्षणे पाठ करून गद्य लिहिता येत नाही. त्यासाठी एखादा विषय मुळापासून समजून घ्यावा लागतो आणि मग तो सांगण्याची धडपड करावी लागते. तुमच्यापैकी काहीजण वृत्तपत्रांत काम करतात, काही शाळेत शिकवतात, काही कार्यालयांत अनुवाद करतात. भूकंप झाला की दुसऱ्या दिवशीची बातमी यांच्यापैकीच कोणीतरी लिहीत असते.

हा विषय निवडण्यामागे एक वैयक्तिक कारणही आहे. संशोधक-विद्यार्थी असताना मी रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका गावी बोलीचे नमुने ध्वनिमुद्रित करीत होतो. एका वृद्ध बाईंचे तासाभराचे बोलणे घेतले, आणि घरी येऊन ऐकतो तो सगळीकडे समुद्राची गाज भरलेली. स्वरांची लांबी मोजायची होती, त्या दृष्टीने ती फीत वाया गेली होती. पुष्कळ वर्षांनी ती पुन्हा ऐकताना लक्षात आले की, त्या आजी बोलता बोलता मधेच थांबून म्हणतात, ‘‘आज गाज दक्षिणेकडून येतेय, पाऊस धरणार.’’ मला जो अडथळा वाटला होता, त्यातून त्या बातमी काढीत होत्या. गेल्या शतकभरात भूकंपशास्त्रज्ञांचा प्रवास बराचसा असाच झाला आहे.

६.२ ‘नॉइज’ला मराठीत काय म्हणावे?

भूकंपमापक म्हणजे जमिनीची हालचाल अत्यंत सूक्ष्म प्रमाणात टिपणारे यंत्र. भूकंप नसतानाही त्याची रेषा कधी स्थिर नसते. वाहने, यंत्रे, झाडांना हलवणारा वारा, दूरचा समुद्र या सर्वांमुळे जमीन अखंड थरथरत असते. इंग्रजीत या थरथरण्याला ‘नॉइज’ म्हणतात. त्याचे ‘गोंगाट’ किंवा ‘कोलाहल’ असे भाषांतर सर्रास दिसते, पण ते पटणारे नाही. गोंगाट कानाने ऐकावयाचा असतो. येथे ज्या हालचालींची चर्चा आहे, त्यांतील बहुतेक इतक्या संथ असतात की माणसाच्या कानाला त्या कळूच शकत नाहीत. शिवाय ‘गोंगाट’ म्हटले की तो नकोसा, हे गृहीत धरले जाते. या घटकात मी ‘पार्श्वकंपने’ हा शब्द वापरणार आहे. तो थोडा जड आहे, परंतु तो खोटे सांगत नाही.

दुसरी संज्ञा ‘साइट रिस्पॉन्स’. तिचे शब्दशः ‘स्थळाचा प्रतिसाद’ असे भाषांतर एका मसुद्यात माझ्या वाचनात आले आणि वधू-वर सूचक मंडळाचे पत्र वाचतो आहोत असे वाटले! मराठीत ‘स्थळ’ या शब्दाला चिकटलेला अर्थ पुसता येत नाही. म्हणून ‘जागेचा प्रतिसाद’ असे साधे म्हणावे. पायाखालच्या मातीमुळे आणि खडकामुळे येणारा हादरा किती वाढतो किंवा बदलतो, हा त्याचा अर्थ.

६.३ कुलाब्याच्या वेधशाळेत

पार्श्वकंपनांच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकांच्या नोंदींत पावसाळ्यात आणि समुद्रावर वादळे असताना काही सेकंदांच्या आवर्तकालाची सूक्ष्म कंपने वाढलेली दिसत. वेधशाळेचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. भारतीय समुद्रांवरील वादळी हवामानाशी या कंपनांचा संबंध जोडणारा त्यांचा निबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंपनांचे मूळ समुद्राच्या लाटांत आहे, ही त्यांची भूमिका होती.

याच वेधशाळेची आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडतील हे ओळखून चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवण्यात आली. अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले. शहराच्या त्रासातून यंत्राला दूर नेणे हा उपाय त्या काळी शक्य होता. समुद्राच्या लाटांपासून मात्र दूर जाता येत नाही. त्यांची कंपने खंडाच्या मध्यभागीही पोहोचतात.

६.४ लाटेचा दाब तळाशी कसा पोहोचतो?

बॅनर्जींच्या म्हणण्यापुढे एक खरी अडचण होती. लाटेचा दाब खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो. खोल पाण्यात १४ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ३०० मीटर असते. तिच्या निम्म्या लांबीइतक्या, म्हणजे दीडशे मीटर खोलीवर, तिच्या दाबाचा जेमतेम ४ टक्के भाग उरतो. मग ४००० मीटर खोल तळाला ती हलवणार कशी? दुसरे कोडे असे की, नोंदीतील सर्वांत प्रबळ कंपनांचा आवर्तकाल लाटांच्या आवर्तकालाच्या जवळजवळ निम्मा भरतो.

दोन्ही कोड्यांचे समाधानकारक उत्तर मायकेल लाँगे-हिगिन्स यांनी १९५० मध्ये दिले. ते गणिती आहे, पण त्याचा गाभा शब्दांत सांगता येतो. सारख्याच आवर्तकालाच्या दोन लाटा समोरासमोरून आल्या की पाण्याचा पृष्ठभाग जागच्या जागी वरखाली होऊ लागतो. एका क्षणी तो सपाट असतो, मग त्यावर उंचवटे आणि खळगे येतात, पुन्हा सपाट होतो, मग उंचवट्यांच्या जागी खळगे आणि खळग्यांच्या जागी उंचवटे येतात. उंचवटे-खळगे असताना पाण्याच्या एकूण वस्तुमानाचा मध्यबिंदू सपाट स्थितीपेक्षा किंचित वर असतो. एका पूर्ण आवर्तनात ही स्थिती दोनदा येते, म्हणजे तो मध्यबिंदू दोनदा वर-खाली होतो. आता एवढ्या प्रचंड पाण्याला वर उचलणारे बळ कोठून येणार? वर तर केवळ हवा आहे. ते बळ तळाकडूनच यावे लागते, आणि म्हणून तळावरील दाब एका आवर्तनात दोनदा कमी-जास्त होतो, पाणी कितीही खोल असले तरी.

हा परिच्छेद सावकाश, शक्य तर आकृती काढून, पुन्हा वाचा. निम्म्या आवर्तकालाचे कारणही त्यातच आहे. या कंपनांना ‘दुय्यम सूक्ष्मकंपने’ म्हणतात. त्यांचा आवर्तकाल साधारण ५ ते ७ सेकंदांच्या आसपास असतो. उथळ किनाऱ्यावर लाटेचा दाब थेट तळावर पडून जी निर्माण होतात ती ‘प्राथमिक’. त्यांचा आवर्तकाल लाटेइतकाच, म्हणजे १० ते २० सेकंद असतो, आणि ती तुलनेने दुबळी असतात.

६.५ यंत्र खाली जाते आणि परत येते

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि जगातील सर्वांत मोठे भूकंप समुद्रालगतच्या खंदकांत होतात. भूकंपमापक मात्र बहुतांशी जमिनीवर. ही उणीव भरून काढण्यासाठी समुद्रतळावरील भूकंपमापक आले.

जहाजावरून यंत्र पाण्यात सोडले जाते. खाली लोखंडी किंवा काँक्रीटचे ओझे आणि वर तरंगण्यासाठी जाड काचेचे पोकळ गोळे अशी त्याची रचना असते. सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने ते बुडते, म्हणजे ४००० मीटर खोली गाठायला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेथे पाण्याचा दाब सुमारे ४०० वातावरणांइतका असतो. कित्येक महिने, कधी वर्षभर नोंद झाल्यावर जहाज परत येते आणि पाण्यातून ध्वनिसंकेत पाठवते. संकेत मिळताच यंत्र आपले ओझे सोडते आणि वर येऊ लागते. आले नाही, तर वर्षाचे काम तळाशीच राहते. उथळ भागात मासेमारीची जाळी यंत्रे ओढून नेतात, ही आणखी एक काळजी.

यंत्र परत मिळाले तरी तीन गोष्टी आधी सोडवाव्या लागतात. पहिली जागा: प्रवाहामुळे ते सोडलेल्या बिंदूच्या बरोबर खाली पोहोचत नाही. म्हणून जहाज भोवती फिरून ध्वनिसंकेतांनी अंतरे मोजते व स्थान ठरवते. दुसरी दिशा: आडवी हालचाल मोजणारे दोन संवेदक कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहेत, हे पाहायला तेथे कोणी नसते. ज्यांचे उगमस्थान ठाऊक आहे अशा दूरच्या भूकंपांच्या तरंगांवरून ते मागाहून काढतात. तिसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. उपग्रहांचे वेळसंकेत पाण्याखाली पोहोचत नाहीत. घड्याळ दिवसाला केवळ एक सहस्रांश सेकंद चुकले, तरी वर्षअखेरीस एक तृतीयांश सेकंदाहून अधिक फरक पडतो. खडकातून सेकंदाला सहा किलोमीटर जाणारा तरंग तेवढ्या अवधीत दोन किलोमीटर पुढे गेलेला असतो.

६.६ तळ शांत असतो का?

समुद्राच्या तळाशी अंधार आणि शांतता असते, ही आपली कवितेतली समजूत. नोंदी वेगळेच सांगतात. १९९३ मध्ये जॉन पीटरसन यांनी जगभरातील स्थानकांच्या नोंदींवरून सर्वांत शांत आणि सर्वांत अस्वस्थ अशा पार्श्वकंपनांच्या दोन सीमारेषा आखल्या. आजही कोणत्याही स्थानकाची प्रत त्या रेषांशी ताडून पाहतात. समुद्रतळावरील आडव्या हालचालीची नोंद दीर्घ आवर्तकालांत अनेकदा वरच्या रेषेच्याही पलीकडे जाते.

याची कारणे दोन. तळालगतचा प्रवाह यंत्राला अगदी किंचित कलवतो. यंत्र कलले की गुरुत्वाकर्षणाचा अल्प अंश आडव्या संवेदकात उतरतो आणि जमीन आडवी सरकल्याचा भास होतो. उभ्या संवेदकावर हा परिणाम पुष्कळ कमी. दुसरे कारण, समुद्रावरील अतिदीर्घ लाटा. त्यांची उंची नगण्य असते, पण लांबी समुद्राच्या खोलीहून अधिक असल्याने त्यांचा दाब तळापर्यंत टिकतो. ४००० मीटर खोलीवर हा त्रास सुमारे ५० सेकंदांपुढच्या आवर्तकालांत जाणवतो, १००० मीटरवर २५ सेकंदांपासूनच. उथळ पाण्यात यंत्र ठेवणे सोपे, पण ऐकणे अवघड, असा हा व्यवहार आहे.

उपाय मोठा सुबक आहे. यंत्राबरोबर दाबमापकही ठेवतात. दाबाची नोंद आणि उभ्या हालचालीची नोंद जेथे एकमेकींशी जुळतात, तेवढा भाग लाटेचा असे समजून वजा करतात. त्याच रीतीने आडव्या नोंदीशी जुळणारा कलण्याचा अंशही काढून टाकतात. तिसरा मार्ग यंत्र गाळात पुरण्याचा. कॅलिफोर्नियाजवळ माँटेरे येथे २००२ मध्ये सुमारे १००० मीटर खोलीवर दूरनियंत्रित पाणयानाच्या साहाय्याने असे पुरलेले स्थानक उभारले गेले. पुरल्यामुळे प्रवाहाचा त्रास कमी होतो. लाटांचा दाब मात्र तेथेही पोहोचतोच.

स्वयं-अध्ययन प्रश्न : दाबमापक नसेल, तर वरीलपैकी कोणता त्रास नोंदीतून काढणे अवघड जाईल? उत्तर दोन-तीन वाक्यांत वहीत लिहा आणि मगच पुढे जा.

६.७ जागेचा प्रतिसाद

आता दुसऱ्या संकल्पनेकडे वळू. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असेल. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको शहराचे झालेले नुकसान हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून दूर, प्रशांत किनाऱ्याला झाला. परंतु शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर वसलेला होता. त्या चिखलाने सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तकालाची कंपने अनेकपटींनी वाढवली आणि त्याच लयीत डोलणाऱ्या इमारती पडल्या.

याचा हिशेब सोपा आहे. मऊ थराची जाडी चौपट करावी आणि त्याला थरातील एस-तरंगाच्या, म्हणजे आडवे हादरे नेणाऱ्या तरंगाच्या, वेगाने भागावे. थर ४० मीटर जाडीचा आणि वेग सेकंदाला ८० मीटर असेल, तर १६० भागिले ८०, म्हणजे २ सेकंद. हा त्या थराचा स्वतःचा आवर्तकाल.

तो शोधण्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. पार्श्वकंपनांतील आडव्या हालचालीला उभ्या हालचालीने भागले असता, ज्या आवर्तकालाला गुणोत्तर एकदम वाढते तो बहुधा थराचा आवर्तकाल असतो. जपानच्या युताका नाकामुरा यांच्या १९८९ च्या निबंधानंतर ही रीत जगभर पसरली. पद्धत स्वस्त आणि सोपी असल्यामुळे तिचा वापर कधीकधी विचार न करताही होतो. समुद्रतळावर तर विशेष सावध राहावे लागते. पाण्यातून एस-तरंग जात नाहीत, त्यामुळे आडव्या हालचालीला पाण्याचा अटकाव नसतो. उभ्या हालचालीला मात्र असतो. पाण्याची खोली १५०० मीटर आणि पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरला, तर वरच्याच हिशेबाने ४ सेकंद येतात. त्या आवर्तकालाला वरचे पाणी तळाची उभी हालचाल दाबून टाकते. भाजक लहान झाला की गुणोत्तर फुगते! कागदावर शिखर दिसते, आणि ते गाळाचे समजून एखादा अभ्यासक फसतो. त्यातच मऊ चिखलावर बसलेले यंत्र आपल्या वजनाने स्वतःही डोलत असते. तो डोल जमिनीचा नव्हे.

६.८ जपानचा अनुभव

हे सारे बारकावे केवळ अभ्यासकांच्या चर्चेचे नाहीत. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० महत्तेचा भूकंप झाला. पहिल्या काही मिनिटांत हवामान खात्याने काढलेली महत्ता ७.९ होती, आणि पहिल्या सूचनेतील त्सुनामीच्या उंचीचा अंदाजही त्यामुळे कमी राहिला. त्यानंतर जपानने त्या खंदकाच्या परिसरात १५० समुद्रतळ-स्थानके तारेने जोडून किनाऱ्याशी बांधली. आता हादरा किनाऱ्याला पोहोचण्याआधी तळावरच टिपला जातो.

पण तळावरील गाळ हादरा वाढवतो. जमिनीवरील खडकासाठी बसवलेले सूत्र जसेच्या तसे वापरले, तर समुद्रतळाच्या नोंदीवरून महत्ता वाजवीपेक्षा मोठी निघते. जोरदार हादऱ्यात तळावरचे यंत्र स्वतःच किंचित फिरल्याची उदाहरणेही तेथे आढळली आहेत. इशारा कमी पडला तर माणसे किनाऱ्यावर राहतात. वारंवार फाजील निघाला तर पुढच्या वेळी ती उठत नाहीत. म्हणून प्रत्येक स्थानकाच्या जागेचा प्रतिसाद आधी ठरवून ठेवावा लागतो.

अरबी समुद्रालाही हा इतिहास परका नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

६.९ त्रासातून माहिती

२००५ च्या सुमारास निकोलाय शापिरो, मिशेल कांपिल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोन स्थानकांवरील पार्श्वकंपनांच्या दीर्घ नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर एका स्थानकाकडून दुसऱ्याकडे जाणारा तरंग त्यांतून वेगळा काढता येतो, आणि त्याच्या वेगावरून मधल्या कवचाची रचना कळते. म्हणजे भूकंप नसतानाही पृथ्वीच्या पोटात डोकावता येते. २०२० च्या टाळेबंदीत जगभर माणसांनी निर्माण केलेली कंपने काही काळ निम्म्यापर्यंत उतरली, तीही याच नोंदींतून दिसली. पुढच्याच वर्षी ओरेगनच्या किनाऱ्याजवळील समुद्रतळ-भूकंपमापकांत सापडलेल्या फिन देवमाशांच्या गाण्यांचा उपयोग करून तळाखालचे थर अभ्यासले गेले. या माशाचा स्वर सुमारे २० हर्ट्झचा, माणसाच्या श्रवणसीमेच्या अगदी काठावरचा. तो तळावर आदळतो, खालच्या थरांवरून परततो आणि यंत्रात उतरतो. पूर्वी अभ्यासक हे स्वर नोंदीतून गाळून टाकीत.

६.१० स्वाध्याय

१. ६.४ मधील दोन लाटांचे स्पष्टीकरण दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत, दीडशे शब्दांत लिहा. ‘वस्तुमानाचा मध्यबिंदू’ हा शब्दप्रयोग टाळता येतो का, ते पाहा.

२. ‘पार्श्वकंपने’ हा शब्द तुम्हांला पटला नसेल, तर पर्यायी शब्द सुचवा. तो ६.२, ६.६ आणि ६.९ या तिन्ही ठिकाणी घालून वाचा आणि कोठे अडखळता ते नोंदवा.

३. मराठी वृत्तपत्रातील भूकंपाची एक बातमी मिळवा. भूकंपाची महत्ता आणि विशिष्ट जागी जाणवलेला हादरा यांत बातमीदाराने फरक केला आहे का? केला नसल्यास ती बातमी पुन्हा लिहा.

४. तुमच्या परिसरातील वयस्कर माणसांना समुद्र, नदी, वारा किंवा जमीन यांच्या आवाजांसाठी व हालचालींसाठी वापरले जाणारे शब्द विचारा. शक्य असल्यास ध्वनिमुद्रण करा, आणि मागे येणारे आवाज पुसू नका.